शफीकाच्या माहेरची कणीक

वस्फिया आत्या जन्मली तेव्हा गावावर इंग्रजांचं राज्य होतं. पोरवयात जॉर्डनच्या राजाचं आलं, केस पिकायला लागले तेव्हा इस्रायलच्या फौजेचं, आणि दात पडल्यावर एका हिरव्या ओळखपत्रावर पॅलेस्टाइनचं नाव. घर मात्र तेच. ओढ्याकाठचं, खालच्या आळीतलं शेवटचं, पुढे तुतीचं झाड आणि झाडाखाली तबून, म्हणजे भाकऱ्या भाजायची मातीची घुमटीएवढी भट्टी. "मी कुठे गेले नाही," ती म्हणायची, "हेच सगळे माझ्या दारावरून जाऊन येऊन होते."

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, इस्सतची, सख्खी आत्या. मी लग्न होऊन या गावात, ऐन सुमाकमध्ये, आले ती तिच्या शेजारच्या खोलीत. पहिल्याच सकाळी तिने माझ्या हातात पिठाची परात दिली आणि मी मळायला लागल्यावर म्हणाली, "बाई, कणीक आहे, उशी नाही. दाब जरा." तेव्हापासून ती जाईपर्यंत मी तिच्या परातीला हात लावत आले. अल्लाह तिची कबर रुंद करो.

तिची थोरली बहीण शफीका. दोघींची कहाणी त्या ओढ्यापासून सुरू होते.

एकोणपन्नासच्या वसंतात लढाई थांबली आणि कुठेतरी लांब, समुद्रातल्या एका बेटावर, साहेबांनी नकाशावर रेघ ओढली. ती रेघ आमच्या ओढ्यातून गेली. ओढ्याच्या वरची आळी इस्रायलात, खालची जॉर्डनकडे. आत्या सांगायची की रेघ ओढणाऱ्याला वाटलं असेल, ओढा आहे म्हणजे हद्द असणारच. त्याला काय माहीत, आम्ही त्या ओढ्यात धुणी धुतो आणि दोन्ही काठांवर वाळत घालतो. महिन्याभरात काटेरी तार आली. मशीद तिकडे राहिली, झरा इकडे.

शफीकाचं लग्न वरच्या आळीतल्या चुलत भावाशी ठरलेलं होतं. दोन्हीकडच्या अंमलदारांच्या मिनतवाऱ्या करून एका दिवसाची परवानगी मिळाली. नवरी एकटी झऱ्यापाशी तारेखालून पलीकडे जाईल. माघारी येणं नाही.

आता आमच्याकडची रीत अशी. नवरी सासरच्या दारात आली की माहेरच्या आंबवलेल्या कणकेचा गोळा, वर डाळिंबाची डहाळी खोचून, आपल्या हाताने चौकटीच्या कपाळावर थापते. चिकटला तर घर लागलं. पडला तर बायका एकमेकींकडे बघतात आणि कोणी काही बोलत नाही. शफीका गोळा घेऊन तारेपाशी गेली, तर आमच्याच बाजूच्या शिपायाने, चांगल्या अरब शिपायाने, हात आडवा केला. "नवरी जाईल. सामान नाही. चोरटा माल चालायचा नाही."

"अरे, कणीक आहे!" बायका ओरडल्या.

"आज कणीक, उद्या साखर, परवा बंदूक," शिपाई म्हणाला.

शफीका रिकाम्या हाताने वाकून तारेखालून गेली. तेव्हा धाकट्या वस्फियाने तो गोळा उचलला आणि तारेवरून फेकला. पंधरा-सोळाची पोर, हातात जोर कितीसा. गोळा पार गेला नाही. वरच्या तारेच्या काट्यांत रुतला आणि डहाळीसकट तिथेच लटकला. काढायला कोणाला जाऊ देईनात. उन्हाने वाळून त्याचा दगड झाला, आणि पहिल्या थंडीपर्यंत दोन्ही आळ्यांना तो दिसत राहिला.

शफीकाची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. दोन्ही आळ्यांतल्या बायकांनी मान हलवली. शेखसाहेबांनी जुम्म्याला खडसावून सांगितलं की कणकेत नशीब शोधणं दीनात बसत नाही, देणारा आणि नेणारा एकच. खरंच आहे. मीही तेच मानते, आणि आत्याही पाच वेळच्या नमाजात तेच मान्य करत होती. पण जानमाज गुंडाळली की मला म्हणायची, "फेकली मी होती ना, बदिया. दोन हात पुढे सरकून फेकायची होती."

तार अठरा वर्षं राहिली. बहिणी तारेच्या दोन बाजूंना उभ्या राहून ओरडून बोलायच्या. शिपायांना भांडण वाटू नये म्हणून आधी हसायच्या आणि मग बातमी सांगायच्या. आई गेल्याची बातमीही आत्याने आधी हसून सांगितली, हे ती फक्त एकदा बोलली. तिची स्वतःची बोलणीही वरच्या आळीतच झाली होती, पण दुसऱ्यांदा परवानगी कोणी दिली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "माझा नवरा तारेपलीकडे राहिला. त्याने दुसरी केली, चार पोरं झाली, ढेरी सुटली. सुखात आहे, चौकशी करू नका."

मग सदुसष्टची लढाई झाली, सहा दिवसांत सगळं उलटंपालटं झालं आणि कोणीतरी तार गुंडाळून घेऊन गेलं. लोक रडत होते, कोणाची मुलं नदीपार पळाली होती, घरांवर पांढरी फडकी होती. आत्याने काय केलं, तर परात काढली. ओढा ओलांडून कणकेचा गोळा घेऊन थेट शफीकाच्या दारात. शफीकाचा थोरला मिसरूड फुटलेला पोरगा दारात उभा, आणि शफीका हसून हसून भिंतीला टेकली. "अगं मेले, या वयात मला नवरी करतेस?"

"थाप आधी," आत्या म्हणाली.

गोळा चिकटला. त्या दिवसापासून शफीकाच्या घरातली प्रत्येक लेक सासरी जाताना आत्याच्या परातीतली कणीक घेऊन जाऊ लागली. खमीर तेच, तिच्या आईच्या रांजणातलं, रोज थोडं काढून रोज थोडं घातलेलं.

पुढची वर्षं मी स्वतः पाहिली. ओढ्यावर बाजार भरला, वरचे लोक स्वस्त म्हणून खाली यायचे, खालचे कामाला वर जायचे. मग दगडफेकीची वर्षं आली, मग नाके, मग बसमध्ये स्फोट आणि आमच्याकडे रणगाडे, दोन्हीकडे आयांचे हंबरडे. आणि मग भिंत. बुलडोझरांनी आधी बाजार पाडला आणि ओढ्याच्या जराशी अलीकडे, आत्याच्या तबूनसमोर, सिमेंटच्या उंच पाट्या एकापुढे एक उभ्या केल्या. जुन्या रेघेच्याही आत. तुतीचं झाड वाचलं, ओढा गेला.

भिंत आमच्या पश्चिमेला. म्हणजे आत्याचं ऊन दुपार कलली की संपायचं. ती घड्याळ बघणारी नव्हती. तुतीची सावली तबूनच्या तोंडाशी आली की ती असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजला उभी राहायची. भिंत उभी राहिली त्या आठवड्यात ती रोज वेळेआधीच नमाज पढत राहिली, अजान ऐकू आली की गोंधळून जायची. शेवटी माझ्या लक्षात आलं, ती झाडाची सावली बघतच नव्हती, भिंतीची बघत होती. मी सांगितलं तर जानमाजवर बसूनच म्हणाली, "ऊन तेवढं माझ्या नावावर होतं, तेही पलीकडे गेलं." आणि उठून सगळ्या नमाजा पुन्हा पढली.

खमीरही सावलीत हळू फुलायला लागलं. ती रांजण छपरावर घेऊन जायची.

अशात शफीकाच्या नातीचं, लुब्नाचं, लग्न ठरलं. मुलगा वरच्याच आळीतला, नाएल. त्याचं घर भिंतीला लागून, म्हणजे आत्याच्या तबूनपासून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं. पण जायचं तर भाड्याच्या गाडीने दोन डोंगरांना वळसा घालून फाटकावर. शफीकाचे गुडघे गेले होते, तिला खुर्चीवरून हलवत नव्हतं. दोघी बहिणींनी एकमेकींना भिंत झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

मेंदीच्या दिवसाचा परवाना आत्याला मिळाला, एका दिवसाचा, आणि सोबत म्हणून मला. आत्याने पहाटे, फजरच्या नमाजाआधी, कणीक मळली. तिच्या आईने शिकवल्याप्रमाणे नवरीची कणीक गार पडू द्यायची नसते, ती अंगाच्या उबेला ठेवायची असते. म्हणून तिने गोळा ओल्या फडक्यात बांधला आणि भरतकाम केलेल्या झग्याच्या आत, छातीपाशी ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडच्या कोणत्याही बाईला वाटलं नसतं.

फाटकावर बायकांची झडती घ्यायला एक सैनिक मुलगी होती, चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेली, आमच्या मुलींच्या वयाची. तिने आत्याच्या कमरेवरून हात वर नेला, छातीपाशी तिला काहीतरी मऊ, फुगलेलं, गरम लागलं, आणि ती ओरडून मागे उडाली. पुढचं सगळं एकदम झालं. लोकांना मागे ढकललं, मलाही. बंदुका वर झाल्या. आत्या मोकळ्या जागेत एकटी उभी. मी आयतुल कुर्सी म्हणायला लागले आणि मधलीच ओळ विसरले.

अरबी येणारा एक शिपाई लांबून बोलला, "आजी! आत काय आहे?"

"कणीक."

"काय?"

"कणीक रे बाबा. पीठ, पाणी, मीठ."

"हळूच बाहेर काढ. जमिनीवर ठेव आणि मागे सरक."

"जमिनीवर?" आत्याचा आवाज चढला. "अन्न जमिनीवर ठेवायला तुझ्या आईने शिकवलं का तुला?"

"आजी, ऐक माझं. हे लोक घाबरलेत."

"बंदुका त्यांच्याकडे आणि घाबरलेत ते? मग मी काय करू, पाठीवरून हात फिरवू?"

रांगेतलं कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. आत्याने सावकाश झग्यात हात घातला, फडकं सोडलं आणि गोळा दोन्ही तळहातांवर घेऊन डोक्याच्या वर धरला. कणीक फुगली होती, बोटांच्या फटींतून खाली ओघळत होती. तो आंबट वास माझ्यापर्यंत आला. ती मुलगी जवळ गेली, बंदूक पाठीवर टाकली, एका बोटाने गोळ्याला टोचलं. बोट आत गेलं. तिने ते वर करून बघितलं आणि तिच्या तोंडून एक सुस्कारा निघाला, रडायला आल्यासारखा. मग आत्या हसली. "चाटून बघ, मीठ जास्त झालंय का."

मला वाटलं, सुटलो. पण खोलीतल्या अधिकाऱ्याने खिडकीतून काहीतरी सांगितलं. तो अरबीवाला शिपाई खाली बघत म्हणाला, "आजी, तुम्ही जा. हे नेता येणार नाही. तिथे पिंप आहे, त्यात टाका."

कचऱ्याचं पिंप होतं. पलीकडे फाटक उघडं होतं, आणि फाटकापलीकडे चढावर वरच्या आळीची पहिली घरं दिसत होती. त्यांतल्या एका घरात शफीका खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत असणार. आत्याने पिंपाकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. मग तिने कणीक फडक्यात पुन्हा बांधली.

"चल बदिया. घरी."

"आत्या, शफीकाआत्याला तरी—"

"चल म्हटलं ना."

शिपाई मागून म्हणाला, "आजी, परवाना आजच्यापुरताच आहे!"

"मग ठेव तुझ्यापाशी."

घरी येऊन तिने ती कणीक रांजणात परत मिसळली, टाकली नाही, आणि भिंतीकडे पाठ करून बसली. मी फोन लावून दिला. फोनमधून शफीकाआत्याचा आवाज मला चार पावलांवरून ऐकू येत होता.

"गाढवे! फाटकापर्यंत आलीस आणि कणकेला घेऊन परत गेलीस? काय, मी मेल्यावर येणारेस?"

"तुझं तोंड मला पाठ आहे," आत्या म्हणाली. "ते बघायला काय यायचं. कणीक पिंपात टाकून मी तुझ्या नातीच्या दारात हात हलवत येऊ? एकदा हात हलवत गेलीस ते कमी झालं?"

शफीकाआत्या हळू म्हणाली, "अजून तेच धरून बसलीयस, वस्फिया? माझी बाळं तापाने गेली गं. डॉक्टर नव्हता, रस्ता बंद होता. कणकेने नाही गेली."

तेवढ्यात फोन कोणीतरी ओढून घेतला. लुब्ना होती. "मावशीआजी, तू येऊ शकत नाहीस ना? मग मी येते. आमच्या गाडीला इस्रायलची पिवळी पाटी आहे, खाली यायला मला कोण अडवणार? मामूनमामा आणेल."

मागून तिच्या आईची किंकाळी ऐकू आली. "लग्नाच्या दिवशी? केस करून? फाटकावर?"

"मग केस करूनच जाते," लुब्ना म्हणाली आणि फोन बंद झाला.

आली. दुसऱ्या दिवशी दुपारी, पांढऱ्या पोशाखात, गुलाबांनी मढवलेल्या गाडीत, धुळीने माखून. जिचं सासर आमच्या भिंतीपलीकडे थुंकीच्या अंतरावर, ती दोन डोंगर फिरून आमच्या आळीत आली होती. आळीतल्या बायका दारांत आल्या, कोणी तांदूळ उडवले, कोणी कॉफी पुढे केली. लुब्ना आत्याच्या गळ्यात पडली तशी आत्या ओरडली, "हळू! पावडर लागेल माझ्या झग्याला!"

कणीक तयार होती, आदल्या दिवसापेक्षा घट्ट. मी नेहमीप्रमाणे फडकं पुढे केलं. आत्याने ते बाजूला सारलं. तांब्याचं ताट घेतलं, पुदिन्याची पानं पसरली, मध्ये गोळा, वर डाळिंबाची डहाळी, कडेने गुलाब.

"मांडीवर ठेव. उघडं. झाकू नकोस," ती लुब्नाला म्हणाली. "काल मी चोरासारखी नेली, त्यांना चोर दिसला. तू नवरी आहेस, नवरीसारखी ने. विचारलं तर सांग, माझ्या आजीच्या माहेरची कणीक आहे."

"आणि टाक म्हणाले तर?"

आत्याने डहाळी सरळ केली. "तर टाक," ती म्हणाली. "आणि आत जा. परत फिरू नकोस. ते एकीने केलं तेवढं बस झालं."

हे ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले. लुब्नाने तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि गाडी गेली.

मग वाट बघणं. आम्ही भिंतीच्या पायथ्याशी गालिचा पसरून बसलो, मी, इस्सत आणि आळीतल्या चार-सहा बायका. मामूनचा फोन आला, फाटकावर रांग आहे. मग, रांग हलत नाही. ऊन तापलेलं. मी मनात म्हटलं, कणीक फुगली तर चिकटणार नाही, सांडेल. तस्बीचे मणी आत्याच्या बोटांतून जात होते. भिंतीची सावली आली, मग अजान झाली, आणि ती आपल्या वेळेला असरला उभी राहिली. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, फार वेळ राहिली. मला वाटलं, भोवळ आली की काय, मी उठले, तर इस्सतने माझा हात धरला.

नमाज संपवून ती सलाम फिरवत होती तेव्हा भिंतीपलीकडून ढोल ऐकू आला. लांबून, मग जवळ. गाण्याचे शब्द कळत नव्हते, टाळ्या कळत होत्या. मग सगळं थांबलं. नवरी दारात आली की असंच थांबतं. आम्ही सगळे त्या करड्या सिमेंटकडे बघत होतो, जणू त्यातून दिसणार होतं.

आणि मग किलकारी उठली. बायका जीभ नाचवून लग्नात काढतात तशी, एकीची, मग दहाजणींची, मग इतकी की तुतीतली चिमणी उडाली. चिकटल्याशिवाय अशी किलकारी कोणी काढत नाही.

आमच्याकडच्या बायकांनी उत्तर दिलं. आत्या तेवढी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसलेली, नखांत अजून पीठ.

मग पलीकडून एक चिरका, म्हातारा आवाज आला. खुर्चीसकट शफीकाआत्याला भिंतीपाशी आणून ठेवलं असावं. आणि सवयीने, त्या तारेच्या काळासारखी, ती आधी मोठ्याने हसली.

"ए वस्फिया! आहेस का गं तिकडे?"

"आहे! मी कुठे जाणार?"

"या वेळेला तारेला नाही अडकली!"

आत्या उठली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, भिंतीपर्यंत गेली, आणि तिला कपाळ टेकवून, मीही आधी कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने हसली. मग ओरडली, "मीठ किती झालं ते सांग!"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. बहुतेक कोणीतरी चौकटीवरच्या गोळ्याची कपची तोडून तिच्या तोंडात घालत होतं.

"जास्त!" शफीकाआत्या ओरडली. "नेहमीसारखं!"